सायकलीचं पुस्तक आणि शाळूचे दिवस

जानेवारी उजाडला की आमच्या कॉलनीच्या वळणावर हुरड्याची एक हातगाडी येऊन थांबते. जालना वाढत वाढत पार शेतांच्या अंगावर गेलं आहे, आणि शेतं मागं सरकता सरकता हातगाडीवर आली आहेत. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसलेली असतात. गाडीवाल्याची बायको गरम कणीस तळव्यांत चोळते, फुंकर मारते आणि हिरवे दाणे कागदावर सांडते. तो धूर आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीपर्यंत येतो. परवा तो आला तेव्हा खाली माझी नात जुई सायकल शिकत होती. शिकत होती म्हणजे पायरीवर बसून मोबाईलवर बघत होती. कुठल्याशा परक्या गावातली एक मुलगी गुळगुळीत रस्त्यावरून जात होती आणि मागून कुणीतरी सायकल शिकण्याच्या सोप्या पायऱ्या सांगत होतं. जुईनं ते चारदा पाहिलं. मग मान वर करून मला विचारलं, "आजी, तुला कुणी शिकवली गं?"

मी म्हटलं, "पुस्तकानं."

ती हसली. तिला थट्टा वाटली. मी गॅलरीतच बसून राहिले. धूर येत राहिला, आणि मी बघता बघता टेंभुर्णीच्या वाटेला लागले.

सत्तरचं दशक तेव्हा निम्म्यावर आलं होतं. आमचा जिल्हा औरंगाबाद. जालना नुसता तालुका. मी टेंभुर्णीची. गावाच्या कडेला आमची बौद्धांची वस्ती, वस्तीत पत्र्याचं विहार, आणि विहारात एका लोखंडी कपाटात चाळीसेक पुस्तकं. त्या कपाटाची किल्ली बरीच वर्षं माझ्याकडे होती. मी डी.एड. झाले आणि एकविसाव्या वर्षी अडीच कोसांवरच्या एका वाडीत एकशिक्षकी शाळेवर लागले. तीस घरं, एक विहीर आणि एका खोलीची शाळा, एवढीच ती वाडी.

पावसाळाभर मी चिखल तुडवत गेले. काळ्या मातीचा चिखल पायाला असा धरायचा की शाळेत पोचेपर्यंत दोन्ही पायांत मातीचे बूट तयार व्हायचे. त्याचं काही वाटलं नाही. खरी अडचण हिवाळ्यात आली. शाळा पाचला सुटायची, दिवस सहाच्या आत मावळायचा, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना माणसाच्या डोक्यावर गेलेला शाळू. शाळू म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. दिवसा तो इतका देखणा की नजर ठरू नये. पण तिन्हीसांजेला वारा सुटला की त्याच्या पानांचा आवाज मागून कुणी चालत आल्यासारखा येई. मी मागं बघायचं नाही असं ठरवे आणि दर दहा पावलांनी बघे. माय वस्तीच्या टोकाला उभी असायची. शाळूमुळे मी तिला दिसे ती अगदी शेवटच्या वळणावर. तोवर ती पदराचं टोक दातांत धरून असायची.

तिनं दोन वाटा सांगितल्या. एक तर नोकरी सोड, नाहीतर वाडीतच खोली घेऊन राहा. खोली घ्यायला मी तयार होते. वाडीत एक खोली रिकामी होती. मी विचारायला गेले. घरातल्या बाईंनी बसायला सांगितलं, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर खोली रिकामी नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं. घरी येऊन मी मायला एवढंच सांगितलं की खोली मिळत नाही.  ती चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, संक्रांतीपर्यंत बघू, मंग कागद लिहून दे साहेबाला.

तो कागद राजीनाम्याचा. आमच्या घराण्यातला पहिला पगार त्या कागदानं संपणार होता. पण पगारापेक्षाही मला वाडीतल्या त्या एका खोलीच्या शाळेचं वेड लागलं होतं. फळ्याला डांबर-कोळशाचा रंग मीच दिला होता.

माझा भाऊ भास्कर औरंगाबादला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. त्याला मी सगळं लिहून कळवलं. आठवड्याभरानं एस.टी.च्या टपावर बांधून त्याची जुनी सायकल आली. दांडा असलेली, पुरुषांची, हिरवा रंग जागोजाग उडालेला. सोबत कंडक्टरनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं दिलं. त्यात चिठ्ठी होती. आता मला हॉस्टेल मिळालं आहे, सायकल लागत नाही. परीक्षेमुळे शिकवायला येता येणार नाही, म्हणून फूटपाथवर मिळालेलं हे पुस्तक पाठवतो. बाबांना वाचून दाखव, ते बराबर करून घेतील.

पुस्तक म्हणजे साठेक पानांची चोपडी. कव्हर नव्हतं, पहिली दोन पानंही नव्हती. त्यामुळे ती कुणी लिहिली, तिचं नाव काय, हे आम्हाला कधीच कळलं नाही. तिसरं पान अर्ध्या वाक्यातूनच सुरू व्हायचं: "म्हणून भिऊ नये." कशामुळे भिऊ नये ते त्या गेलेल्या पानांवर असणार. आत रेघांची चित्रं होती. चित्रांतला माणूस अर्ध्या चड्डीतला, मिशीवाला, फार गंभीर. सायकलीवर चढताना गंभीर, उतरताना गंभीर, पंक्चर काढताना तर घरात कुणी आजारी असल्यासारखा.

बाबा गवंडी होते. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ओळंब्याशिवाय त्यांनी आयुष्यात एक वीट ठेवली नाही. कुठलीही गोष्ट सांगितली आहे तशी, सांगितली आहे तेवढी करायची, हा त्यांचा धर्मच. त्या संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मी चोपडी वाचायला घेतली आणि ते समोर मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले. विहारात वंदनेला बसायचे तसे. पुस्तकाची भाषा जुन्या वळणाची होती. 'शिकणाराने प्रथम तीन दिवस सायकलीवर आरूढ होऊ नये. ती हाती धरून नुसते चालावे, जेणेकरून तिचा स्वभाव कळेल.' बाबांनी मला तिथं थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

"स्वभाव कळंल म्हन्तो," ते मायला म्हणाले. "शाना मानूस हाय. बिलकुल बराबर लिव्हलंय."

माय भाकरी थापत होती. तिनं भाकरी उलटली.

असे ते तीन दिवस सुरू झाले. मी सायकल हातात धरून वाडीला चालत जाई आणि हातात धरून परत येई. अडीच कोस जाताना, अडीच कोस येताना. चढ आला की ती मला मागं ओढे, उतार आला की पुढं पळे. गावातल्या हॉटेलासमोर बसलेल्यांना आयतंच मिळालं. एकानं विचारलं, बाई, सायकलीला फिरायला घेऊन चालल्या का. दुसरा म्हणाला, तिला चारा तरी टाका. दुसऱ्याच दिवशी मी बाबांना म्हटलं, आता बसून बघते. ते म्हणाले, पुस्तकात तीन लिहिलंय ना, मग तीन. आज वाटतं, त्या तीन दिवसांत मला खरंच तिचा स्वभाव कळला. ती डावीकडे ओढायची. मागचा ब्रेक नावाला होता. घंटी वाजत नसे, पण खडबडीत वाटेवर मडगार्ड असं वाजायचं की घंटीची गरजही नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात दवाखान्याच्या नर्सबाई आल्या. मिरजेकडच्या होत्या, पन्नाशीला आलेल्या, एकट्याच राहायच्या. आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांवरची बाळंतपणं त्यांच्याकडे. सरकारनं त्यांना दोन वर्षांपूर्वी लेडीज सायकल दिली होती. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी असायची, हँडलवरचा कंपनीचा कागदसुद्धा निघाला नव्हता, आणि तिच्यावर त्या धुतलेली फडकी वाळत घालायच्या. त्या उंबऱ्यात उभ्या राहूनच म्हणाल्या, "तुमच्याकडं सायकलीचं पुस्तक आलंय म्हणं. मला बी बसवा की वाचायला."

मायनं त्यांना पाट दिला. माय त्या दिवशी पहिल्यांदा सायकलीच्या बाबतीत काही बोलली. म्हणाली, या वयात पडलात तर तुमचं बाळंतपण कोण करणार. नर्सबाई पोट धरून हसल्या आणि मायही हसली. मला तेव्हाच वाटलं की काहीतरी हललं.

शिकायची जागा म्हणजे बैलबाजाराचं मैदान. बाजाराचा दिवस सोडला तर तिथं कुणी नसे. नुसते खुंटे, वाळलेलं शेण आणि कडेनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आम्ही पहाट फुटताना जायचो. थंडी अशी की हँडलचं लोखंड हाताला चावायचं. बाबा नर्सबाईंच्या सायकलीची सीट धरून डाव्या अंगानं पळायचे, कारण पुस्तकात डाव्या अंगानं लिहिलं होतं. मी एक फेरी, नर्सबाई एक फेरी. जी खाली असेल तिनं चोपडीतलं वाक्य मोठ्यानं म्हणायचं. 'नजर चाकावर नसावी, जावयाचे त्या जागी असावी.' नर्सबाईंची नजर नेमकी कुंपणावर जाई आणि सायकलही इमानदारीनं तिकडेच जाई. दोनदा त्या काट्यांत गेल्या. काटे स्वतःच चिमट्यानं काढायच्या आणि म्हणायच्या, पुस्तक बरोबरच म्हणतंय, मी बघितलं तिकडंच गेली की. मी पडले ते शेणात, पण वाळलेल्या. तिघांची मिळून किती खरचटणी झाली असतील त्याचा हिशेब नाही, पण त्या सकाळी मी जितकी हसले तितकी कुठल्या लग्नातही हसले नाही.

त्याच दिवसांत राजूरला टुरिंग टॉकीज लागली. देवळाच्या जत्रेसाठी आलेला तंबू चार दिवस राहिला. वस्तीतली पाचसहा जणं पहिल्या खेळाला गेलो, बाबाही आले. पडद्यावर पाचसहा मुली रंगीत कपड्यांत, एका रांगेत, सायकली चालवत गाणं म्हणत होत्या. हात सोडून चालवत होत्या. एकमेकींकडे बघत चालवत होत्या. त्यांच्यातली एकही पडली नाही. बाबा पुढं वाकून बारकाईनं बघत राहिले. गाणं संपल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, यांचं पुस्तक येगळं असंल. औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवरही तेव्हा अशीच एक बाई होती. पाचवारी पातळ, कपाळाला टिकली, सायकलीवर बसलेली, मागं डोंगर. मी ते कॅलेंडर जवळ जाऊन पाहिलं होतं. तिच्या निऱ्या चेनपासून चार बोटं लांब, हवेत लहरत होत्या. चित्रकारानं कधी पातळ नेसून सायकल चालवली नसावी.

माझं तर सगळं तिथंच, निऱ्यांशी, अडलं होतं. नर्सबाईंच्या सायकलीवर मला तोल जमला होता. पण वाडीला न्यायची होती ती भास्करची, दांड्याची. मागून पाय टाकून चढायची. मी मास्तरीण, म्हणून पाचवारी गोल पातळ नेसायचे. पाय टाकायला गेले की घोळ अडायचा, आणि कसंबसं चढले तर निऱ्या चेनमध्ये. पहिलं पातळ गेलं, दुसरं काळ्या ग्रीसनं माखलं. चोपडीत 'वस्त्रे' नावाचं एक प्रकरण होतं. मी मोठ्या आशेनं ते काढलं. त्यात धोतराचा सोगा कसा खोचावा ते होतं, विजारीच्या पायाला कसला चिमटा लावावा ते होतं, पावसात टोपीवर काय घालावं तेही होतं. बाईचं नावही नव्हतं. बाबांनी ते प्रकरण पुन्हा वाचायला लावलं. कदाचित माझ्याकडून ओळ सुटली असेल. सुटली नव्हती. ते पहिल्यांदाच पुस्तकावर नाराज झाले. म्हणाले, लिहिणाराच्या घरी लेक नसंल.

संक्रांत पाच दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघायला उठले तर माय माझ्या आधी उठून बसलेली. तिच्या मांडीवर तिचं हिरवं नऊवारी लुगडं होतं, सणासुदीला नेसायचं, जरा विरलेलं. ती म्हणाली, उभी राहा. मी राहिले. तिनं मला लुगडं नेसवलं. कमरेला गाठ मारली, निऱ्या घातल्या, मधला भाग दोन्ही पायांतून मागं घेतला आणि कासोटा इतका घट्ट खोचला की मी चवड्यांवर उभी राहिले. मग माझ्यापुढं उकिडवी बसून पोटऱ्यांवरची घडी सारखी केली. ती तिशी-पस्तिशीपर्यंत दुसऱ्यांच्या रानात खुरपत आली होती, विहिरीच्या पायऱ्या डोक्यावर हंडा घेऊन चढली होती, झाडावर चढून चिंचा झोडपल्या होत्या. सगळं असल्याच नऊवारी लुगड्यात. मला ते कधी सुचलं नाही, कारण मी शिकलेली होते. लुगडं नेसणं म्हणजे मागं जाणं, असं मला कुठंतरी वाटत असणार.

"आता टाक पाय," ती म्हणाली. "बघू कसा अडतो ते."

पाय अडला नाही.

त्या सकाळी मैदानावर मायही आली. नर्सबाई होत्याच. बाबांनी हिरव्या सायकलीची सीट धरली, मी पायडल मारलं, आणि आम्ही निघालो. आता चोपडीत एक वाक्य होतं, जे मीच बाबांना वाचून दाखवलं होतं: 'तोल साधला असे वाटताच शिकविणाराने हात काढून घ्यावा, परंतु तसे शिकणाऱ्यास सांगू नये.' ते वाक्य मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे बाबांना ठाऊक होतं. एक फेरी झाली, दुसरी झाली. त्यांच्या धापा मला मागून ऐकू येत होत्या. तिसऱ्या फेरीला ते पळता पळता म्हणाले, "सांगू नको म्हन्तंय पुस्तक. पन वाचलंय तर तूच. मंग तुलाच इचारतो. सोडू का?"

मी थोडं अंतर गेल्यावर म्हटलं, "सोडा."

त्यांनी हात काढला. मला तो निघालेला कळला. सायकल एकदम हलकी झाली आणि थोडी डावीकडे ओढली. तिचा स्वभाव होता तो. मी तिला हळूच उजवीकडे आणलं. सगळं मैदान फिरून मी परत आले तेव्हा बाबा एका खुंट्याला टेकून श्वास घेत होते, आणि माय नर्सबाईंना सांगत होती की कासोटा ढिला असता तर जमलंच नसतं.

त्यानंतरचे ते दोन महिने. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं फार काही घडलं नाही आणि तरी तेच मला सगळ्यात जास्त आठवतात. सकाळी शाळूवर दव असे. पानं वाटेवर झुकलेली असत, माझ्या दोन्ही कोपरांना ती ओली लागत. कणसं भरत होती. राखणीला माळ्यावर उभी असलेली माणसं गोफण फिरवता फिरवता थांबून माझ्याकडे बघत. पाखरांना तेवढीच उसंत मिळे. आधी ती नुसतीच बघत. मग एक म्हातारा रोज हात वर करू लागला. एके दिवशी त्यानं मला थांबवून हुरडा दिला, पदरात बांधून, गरम गरम. मी तो एका हातानं खात, एका हातानं हँडल धरून शाळेत गेले. पुस्तकात एका हातानं चालवू नये असं स्वच्छ लिहिलं होतं.

संध्याकाळी शाळूची पानं तशीच वाजत. पण आता तो आवाज माझ्या मागं राहून जाई. मी दिवस असताना घरी येऊ लागले. माय दोनचार दिवस टोकाला उभी राहिली. मग एके दिवशी मी आले तर ती घरात डाळ निवडत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा निवडू लागली.

वाडीतही मायचं हिरवं लुगडं आधी चर्चेचा विषय झालं. मास्तरीण असून खेड्यातल्या बाईसारखी नेसते, म्हणाले. मग त्यांची नजर सरावली. फेब्रुवारीत एका दुपारी शाळेच्या दारात वाडीतला एक माणूस धावत आला. त्याच्या सुनेला सकाळपासून कळा येत होत्या, सुईण म्हणत होती की मूल आडवं आहे. बैलगाडीनं टेंभुर्णीला जाऊन नर्सबाईंना आणायला दिवस मावळला असता. तो माझ्याशी बोलत होता पण बघत होता भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे. मी शाळा मोठ्या मुलींवर सोपवून निघाले. त्या दिवशी मी कशी गेले ते मला सांगता येणार नाही. नजर जायच्या जागी होती, एवढं खरं. नर्सबाईंनी पेटी कॅरिअरला बांधली आणि आपली लेडीज सायकल बाहेर काढली. त्या तोवर सायकलीवरून गावाबाहेर कधी गेल्या नव्हत्या. वाटेत एका उतारावर त्या दोन्ही पाय पायडलवरून उचलून तशाच सुटल्या. मी मागून ओरडले, ब्रेक. त्या म्हणाल्या, नको, थांबले तर परत चढायला येत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा वेळ गेलेली नव्हती. नर्सबाई आत गेल्या. मी ओसरीवर बसले. दोन तास लागले. मूल रडलं तेव्हा ओसरीवरच्या त्या माणसानं डोक्याचं मुंडासं काढून तोंड पुसलं आणि पुन्हा बांधायचं विसरून गेला. मुलगी झाली होती. घरच्या म्हातारीनं चहा आणला. एकसारख्या दोन कपबशा, निळ्या फुलांच्या. एक नर्सबाईंना दिली, एक मला. मी कपाकडे बघितलं. नर्सबाईंनीही बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि फुंकर घालून चहा प्यायला लागल्या. चहा फार गोड होता.

त्यानंतर वाडीतल्या मोठ्या मुली मधल्या सुट्टीत सायकलीभोवती जमू लागल्या. मी त्यांना चोपडी वाचून दाखवली. वस्त्रांच्या प्रकरणाशी त्याही थांबल्या. तेव्हा मी घरी येऊन मायला म्हटलं, तू सांग, मी लिहिते. चोपडीच्या शेवटी चार कोरी पानं होती. माय पहिल्यांदा लाजली, मग सांगू लागली, आणि सांगायला लागल्यावर तिला आवरेना. गाठ कुठं मारायची, कासोटा किती घट्ट, पावसात काय करायचं, महिन्याच्या दिवसांत काय करायचं. ती सांगे तसं मी लिहीत गेले. चार पानं पुरली नाहीत, समासात लिहावं लागलं.

पुढं मी सायकलींविषयीचं पुष्कळ वाचलं. जगप्रवास करून आलेल्यांची पुस्तकं, मासिकांतले लेख, शर्यतींच्या हकिकती. ग्रंथालयात तसलं काही दिसलं की हात आपोआप जातो. वाळवंटं येतात, बर्फ येतो, वाघसुद्धा येतो. मी मात्र त्यांत एकच शोधत असते, की हा माणूस शिकला कसा, त्याच्या मागं कोण पळत होतं. ते बहुतेक कुणी लिहीत नाही. जणू सगळे चालवतच जन्माला आले. जुईच्या मोबाईलवरच्या मुलीचंही तेच. तिच्या मागं कुणी नाही. असणार, पण चित्रात नाही.

बाबांचं राहिलं. शाळू काढून झाला, रानं मोकळी पडली, गवंडीकामाचे दिवस आले, तरी संध्याकाळी चोपडी ऐकायची त्यांची सवय गेली नाही. मला सायकल येत होती, नर्सबाईंना येत होती. वाचायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी ते म्हणत, वाच. ती त्यांची सगळी पाठ झाली होती. एके दिवशी मी वाचता वाचता पाहिलं तर त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं. मी थांबले, तर त्यांनी पुढचा शब्द म्हटला. पाठ होता म्हणून म्हटला, पण बोट बरोबर त्याच शब्दाखाली होतं. मी त्यांना विचारलं, हे कुठलं अक्षर. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि मनातल्या मनात सगळी ओळ पहिल्यापासून म्हणत तिथवर आले. मग म्हणाले, ल. तोल-मधला.

असं सुरू झालं ते. मी मुद्दाम शिकवलं असं नाही. ते एकेक अक्षर ओळखून काढायचे, भिंतीतली वीट ओळखावी तसे, आणि एकदा जागेवर बसवलं की हलवायचे नाहीत. चैत्र लागेपर्यंत त्यांची निम्मी बाराखडी झाली होती. बाहेर कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं.

भास्करची परीक्षा संपली आणि त्याचं सामान आणायला बाबांनी औरंगाबादला जायचं ठरवलं. मी त्यांना सोडायला टेंभुर्णीच्या एस.टी. थांब्यावर गेले. ऊन चढलं होतं. थांब्यावर दोन गाड्या एकाशेजारी एक उभ्या होत्या, एक जालन्याची, एक जाफ्राबादची. त्यांना जालन्याला जाऊन तिथून गाडी बदलायची होती. पाट्या दोन्ही गाड्यांच्या कपाळावर, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत. बाबा पहिल्या गाडीसमोर जाऊन उभे राहिले. आजूबाजूला माणसं होती, कंडक्टर तिथंच तंबाखू मळत होता. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. दोन्ही गावांची नावं 'जा'नंच सुरू होतात, ते त्यांना तिथं उभं राहिल्यावर कळलं असावं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. ते दुसऱ्या गाडीपुढं गेले, तिथं थांबले, परत पहिल्या गाडीपुढं आले. त्यांचे ओठ हलत होते. माझ्या तोंडाशी शब्द आला होता. मी तो गिळला आणि सायकलीचं हँडल घट्ट धरून उभी राहिले.

मग ते दुसऱ्या गाडीकडे वळले, पिशवी खांद्यावर घेतली, पायरी चढले आणि आत जाऊन खिडकीशी बसले. ती जालन्याची होती. गाडी सुटेपर्यंत ते समोरच बघत होते, टोपी सरळ, पाठ ताठ, ओळंब्यात उभ्या केलेल्या भिंतीसारखी. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पण गाडी हलली तेव्हा त्यांचा एक हात खिडकीच्या गजावर आला, आणि मी तो धुळीत दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले.